नवं घर लावताना: कोल्हापुरातल्या स्वयंपाकघराची आणि रोजच्या कामांची घडी

नव्या घरात सामान उतरलं की पहिला मोह होतो तो एकसारख्या डब्यांचा सेट आणायचा. तो दोन-तीन महिने आवरा. नोकरीसाठी कोल्हापुरात आला असाल, लग्नानंतर वेगळं बिऱ्हाड केलं असेल किंवा आईवडिलांच्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडला असाल, तर आपल्याला महिन्याला किती तूरडाळ लागते हे अजून तुम्हाला ठाऊक नाही. सकाळी चहा ठेवताना हात आधी कुठे जातो, तेही ठरलेलं नाही. या दोन गोष्टी कळण्याआधी आणलेले डबे एक तर लहान पडतात, नाहीतर वर्षभर अर्धे रिकामे राहतात.

मी या शहरात सत्तावीस वर्षं संसार करते आहे. गेल्या वर्षी माझ्या भाचीनं आणि तिच्या नवऱ्यानं इथे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घर लावायला मी आठ दिवस तिच्याकडे जाऊन-येऊन होते. तेव्हा तिला जे सांगितलं आणि करून दाखवलं, तेच इथे क्रमानं लिहिते.

आधी एक आठवण सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच आलं आहे. मुलं लहान असताना मला टायफॉईड झाला आणि जवळजवळ तीन आठवडे मी अंथरुणावर होते. घरात सगळं भरलेलं होतं. ह्यांनी रजा काढली होती, सासूबाई गावाकडून आल्या होत्या, मुलंही शहाण्यासारखी वागत होती. तरी दर दहा मिनिटांनी कुणीतरी दारात येऊन उभं राहायचं. "आई, जिरं कुठंय?" "अगं, सिलिंडरचा नंबर लावला होतास का?" "दूधवाल्याचे किती दिवसांचे द्यायचे राहिलेत?" कामाची टाळाटाळ कुणीच करत नव्हतं. घराची सगळी माहिती माझ्या डोक्यात होती आणि डोकं तापानं फणफणलेलं होतं. बरी झाल्यावर मी एकच ठरवलं: वस्तूची जागा, तिचा साठा आणि कामाची वेळ माझ्या डोक्यातून काढून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायची.

पहिला महिना फक्त नोंदीचा

या महिन्यात बिस्किटांचे, तुपाचे जुने डबे चालवा. एक काळा मार्कर स्वयंपाकघरात दोरीनं बांधून ठेवा. कोणताही पुडा फोडला की त्याच दिवशी त्यावर तारीख घाला आणि संपला की दुसरी तारीख. महिनाअखेर रिकामे पुडे समोर ठेवून बसा. आमच्या चौघांच्या घरात तेव्हा तूरडाळ अडीच किलो निघाली. मी दर महिन्याला चार किलो आणत होते आणि उरलेली मागे सरकत जाऊन तिला कीड लागत होती.

सिलिंडर आणि दूध यांची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरवर करा. सिलिंडर जोडला त्या तारखेला गोल करायचा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तुमच्या घरी तो किती दिवस पुरतो हे दोन सिलिंडरांत समजतं आणि मग नंबर कधी लावायचा हे कुणालाही कॅलेंडर बघून सांगता येतं. गॅसच्या नळीवर छापलेली तारीखही याच वेळी बघून घ्या, पाच वर्षांनी नळी बदलायची असते. दुधाचं खाडं त्या-त्या चौकोनात लिहायचं. हे काम मुलांकडे द्या, त्यांना आवडतं.

जागा ठरवणं

एकत्र लागतं ते एकत्र ठेवायचं, एवढं एकच तत्त्व पुरेसं आहे. डाळी एका फळीवर, पिठं दुसऱ्या फळीवर, मसाले तिसऱ्या, अशी दुकानासारखी मांडणी दिसायला छान असते, पण चहा करायला चार ठिकाणी हात घालावा लागतो. त्यापेक्षा चहा, साखर, गाळणं, आल्याची किसणी आणि कप असा चहाचा कोपरा करा. भाकरीचा कोपरा वेगळा: पिठाचा डबा, परात, तवा, उलथनं, भाकरीची बुट्टी. फोडणीचा डबा शेगडीच्या उजव्या हाताला, वाफ लागणार नाही इतका लांब. डबा शेगडीला अगदी खेटून असला की हळद-तिखटाचे गोळे होतात.

जड ते खाली. तेलाचा डबा, पिठाची कोठी, चिनी मातीच्या बरण्या कंबरेच्या वर ठेवू नका. कडाप्प्याच्या खालच्या खणात ओल येते, म्हणून तिथे लाकडी पाट किंवा विटा टाकून त्यावर बरणी ठेवायची. माळ्यावर फक्त वर्षातून दोन-चारदा लागणारं: गौरी-गणपतीचं साहित्य, मोठी पातेली, पुरणयंत्र. आणि माळ्यावर काय आहे याची यादी माळ्याच्या दारालाच आतून चिकटवा.

डब्यांवर नाव लिहा, झाकणावर आणि पोटावर दोन्हीकडे. "मला कळतंय की काय कुठाय" असं म्हणून बरेच जण हे टाळतात. नाव आपल्यासाठी नसतंच, दुसऱ्यासाठी असतं.

आता परीक्षा. घरातला जो माणूस सर्वांत कमी स्वयंपाक करतो, त्याला एका सकाळी पोहे आणि चहा करायला सांगा. तुम्ही बाहेरच्या खोलीत बसा. तो जेवढे प्रश्न विचारेल तेवढ्या वस्तूंची जागा चुकली आहे. भाचीच्या नवऱ्यानं सहा प्रश्न विचारले होते. आम्ही त्या सहा वस्तू हलवल्या, पुढच्या रविवारी त्यानं एकच विचारला.

वर्षाचा साठा: हे घाईनं करायचं काम नाही

कोल्हापुरात साठवणीचं खरं वर्ष उन्हाळ्यात सुरू होतं आणि मृगाच्या आधी संपतं. मार्च ते मे या तीन महिन्यांत जे वाळवायचं, कांडायचं, भरायचं ते झालं पाहिजे. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी घेऊन बायका टेंबलाई देवीला निघतात, तोवर हवेतली ओल डब्यात शिरायला लागलेली असते.

सर्वांत आधी चटणी. बाहेरगावाहून आलेल्यांसाठी सांगते, इथे 'चटणी' म्हटलं की कांदा-लसूण घातलेलं तिखट समजायचं, ताटातली खोबऱ्याची चटणी नव्हे. कालवण, कोरड्यास, मटण, मिसळ, सगळ्याला तीच. तिखटपणासाठी संकेश्वरी मिरची आणि रंगासाठी ब्याडगी, यांचं प्रमाण घरागणिक वेगळं. नव्यानं करणार असाल तर निम्मी-निम्मी घ्या आणि पहिल्या वर्षी एक किलो मिरचीचीच करा. सहा महिन्यांत आपल्या घराची जीभ कळते. मिरची देठ काढून कडक ऊन द्यायची, मोडली की कट्ट आवाज आला पाहिजे. धणे, जिरं, तीळ, खोबरं, खडा मसाला वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला वेगळी आच लागते. मग सगळं डंकावर कांडून आणायचं. उन्हाळ्यात डंकावर रांग असते, सकाळी लवकर जा.

चटणी बिघडते ती बहुतेक वेळा कांद्यामुळे. कांद्यात पाणी राहिलं की महिन्याभरात वर पांढरी बुरशी येते. कांदा उभा चिरून एक-दोन दिवस उन्हात सुकवा, मग तेलात चांगला लाल आणि कुरकुरीत होईपर्यंत तळा. कांडून आणलेली चटणी गरम असते. ती परातीत पसरून पूर्ण थंड झाल्यावरच बरणीत भरायची. गरम भरली तर वाफ झाकणाला लागून पाणी पुन्हा खाली पडतं. बरणी उन्हात तापवून घेतलेली, चटणी हातानं दाबून बसवलेली, मध्ये-मध्ये हिंगाचे खडे, वर मिठाचा थर आणि तोंडाला स्वच्छ कापडाचा दादरा. मोठ्या बरणीत रोज चमचा घालायचा नाही. आठ-दहा दिवसांची चटणी कोरड्या चमच्यानं छोट्या बरणीत काढायची आणि दादरा पुन्हा बांधायचा.

तुमच्या घरात सासूबाई किंवा आई चटणी करत असतील तर त्यांच्या शेजारी वही घेऊन बसा. त्यांचं माप मुठीत असतं. त्या मूठभर म्हणाल्या की ती मूठ वजनकाट्यावर ठेवा आणि आकडा लिहा. माझ्या सासूबाईंचं प्रमाण मी असंच उतरवून घेतलं. आज त्या नाहीत, पण त्यांची चटणी घरात आहे.

धान्याचं गणित सोपं आहे: किडीला ओल लागते. गहू, शाळू, तांदूळ दोन दिवस उन्हात द्या, पण ऊन उतरल्यावर लगेच कोठीत ओतू नका. रात्रभर चादरीवर गार होऊ द्या. गव्हाला आणि तूरडाळीला एरंडेलाचा हात लावायचा, किलोला एक छोटा चमचा, आणि दाण्यादाण्याला लागेल असं चोळायचं. तांदळात वाळलेला कडुलिंबाचा पाला घालतात. जुन्या घरांत बिब्बेही टाकतात, पण बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात, घरात लहान मूल असेल तर ते नकोच. आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते: धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या विषारी गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नका. ओलसर हवेत त्यातून जीवघेणा वायू निघतो. माणसं झोपतात त्या खोलीजवळ कोठी असेल तर तो थेट जिवाशी खेळ आहे.

दोघांचंच घर असेल तर वर्षाचं धान्य भरण्याचा हट्ट सोडा. लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारातून तीन महिन्यांचं आणलं तरी चालतं, फक्त पावसाळ्याचा वाटा मेमध्ये आणून ठेवा. तांदळात आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर थोडा सणासाठी बाजूला काढा, त्याचा वास उघड्या डब्यात टिकत नाही.

शाळूचं पीठ आठ-दहा दिवसांचंच दळून आणायचं. पीठ शिळं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि नवशिका माणूस स्वतःच्या हाताला दोष देतो. पहिल्या भाकऱ्या मोडल्या तर आधी पिठाची तारीख बघा.

गूळ आपल्या जिल्ह्याचा आहे, कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तोच गूळ पावसात पाणी ओढून घेतो आणि पाझरतो. एक-एक किलोचे रवे, म्हणजे छोट्या ढेपा, घ्या, मोठी ढेप फोडत बसू नका. हिवाळ्यात गुऱ्हाळं चालू असताना नवा गूळ मिळतो, तेव्हा घ्यावा. प्रत्येक रवा कागदात आणि मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. एकदम पिवळाधमक दिसणाऱ्या गुळापेक्षा तांबूस, काळपट गूळ मी घेते.

रवा, शेवया, पोहे, बेसन यांचा साठा करूच नये. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून ठेवला की टिकतो, बाकीचं महिन्यापुरतं. आणि प्रत्येक फळीवर एक शिस्त: नवं मागे, जुनं पुढे.

पावसाळा आणि पूर

हे कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांना कुणी आधी सांगत नाही, म्हणून वेगळं लिहिते. जुलै-ऑगस्टमध्ये इथे दोन गोष्टींवर सगळ्यांचं लक्ष असतं: राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. घर भाड्यानं घेताना शेजाऱ्यांना विचारा, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं. भिंतीवर खूणही दाखवतील.

तुमच्या घरात पाणी येणार नसलं तरी पुराची झळ बसतेच. त्या दोन्ही वर्षी उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि उंचावरच्या वस्तीतले नळही कित्येक दिवस कोरडे होते. महामार्ग बंद झाला, भाजी आणि दूध मिळेना. म्हणून जूनअखेर एवढं घरात असू द्या: पिण्या-स्वयंपाकाच्या पाण्यासाठी झाकणाची भांडी (माणशी रोज पाच ते सात लिटर धरलं तर चौघांना तीन दिवसांसाठी ऐंशी लिटरच्या आसपास), भरलेला दुसरा सिलिंडर, आठवड्याचं पीठ-तांदूळ-डाळ, घरातल्या आजारी माणसाच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या, मेणबत्त्या आणि चार्ज केलेली बॅटरी. पातळी ३५ च्या पुढे सरकायला लागली की सगळी पिंपं भरून घ्या. नळ बंद झाल्यावर टँकरमागे धावण्यात दिवस जातो.

तळमजल्यावर राहत असाल तर या दोन महिन्यांत 'जड ते खाली' हा नियम उलटा करा: धान्य, कागदपत्रं, अंथरुणं वर. घर सोडावं लागलं तर गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा, वीज मेन स्विचवरून बंद करा. पुराचं पाणी लागलेलं धान्य वाळवून वापरायचा विचारसुद्धा करू नका, जीव कितीही तुटला तरी ते टाकायचं.

कामं वाटताना

आता घरातली माणसं. एका संध्याकाळी सगळ्यांनी बसून आठवड्याची कामं कागदावर लिहा. झाडणं, भांडी, धुणं हे लगेच सुचेल. मग दुसऱ्या रंगानं ती कामं लिहा जी हातानं होत नाहीत: आईच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्यात हे ध्यानात ठेवणं, लाईटबिलाची तारीख, मुलाच्या शाळेत उद्या काय न्यायचं आहे, मावशींना सुट्टी हवी आहे तेव्हा भांड्यांचं काय. आमच्या घरी हा दुसरा रंग पहिल्यापेक्षा जास्त भरला आणि त्यातलं जवळजवळ सगळं माझ्या नावावर होतं. ते पाहून ह्यांचा चेहरा गंभीर झाला, कारण त्यांना ते खरंच दिसलेलं नव्हतं.

म्हणून काम देताना अख्खं द्या. "भाजी आण" हे अर्धं काम आहे. घरात काय उरलंय ते बघणं, चार दिवस काय करायचं ते ठरवणं, कपिलतीर्थ मार्केटला जाणं, आल्यावर पालेभाजी निवडून कागदात गुंडाळून ठेवणं, हे सगळं मिळून भाजीचं काम. ज्याच्याकडे ते आहे त्यानं चार दिवस वांगीच आणली तरी वांगी खायची. मागून जाऊन दुरुस्त करू नका. एकदा दुरुस्त केलंत की ते काम पुन्हा तुमच्याकडे आलं म्हणून समजा. आणि 'मदत' हा शब्द वापरू नका. आपल्याच घरात कुणी कुणाला मदत करत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी असेल तर वारांप्रमाणे केलेलं वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात मोडतं. भाचीच्या घरी आम्ही दोन कागद केले. एक फर्स्ट शिफ्टचा: तो पहाटे निघतो, म्हणून दूध तापवणं आणि डबा तिच्याकडे, संध्याकाळचं जेवण आणि ओटा त्याच्याकडे. दुसरा सेकंड शिफ्टचा: सकाळचं सगळं त्याच्याकडे, तिचं ऑफिसहून आल्यावरचं. रविवारी रात्री फ्रिजच्या दारावरचा कागद बदलायचा, एवढंच. नाईट असेल त्या आठवड्यात त्याच्याकडे एकच काम ठेवलं, कारण न झोपलेल्या माणसाला कामं लावून भांडणच मिळतं.

सहा-सात वर्षांचं मूल ताटं-पाणी घेतं, दहाव्या वर्षी कपड्यांच्या घड्या घालतं, चौदाव्या वर्षी कुकर लावतं. मुलगा असो की मुलगी, यादी तीच ठेवा. घरात ज्येष्ठ असतील तर त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या हाताखालची वस्तू हलवू नका. चाळीस वर्षं ज्यांनी स्वयंपाकघर सांभाळलं त्यांना मिठाचा डबा शोधावा लागणं फार वाईट वाटतं.

मावशी कामाला येत असतील तर महिन्याच्या पगारी सुट्ट्या पहिल्याच दिवशी ठरवा आणि त्या कॅलेंडरवर त्यांच्याच हातानं खूण करून घ्या. पूर आला, आजारपण आलं तर पगार कापू नका.

रोजच्या वेळा फार बांधू नका. तीनच खुंट्या पुरतात: सकाळी नळाला पाणी येतं ती वेळ, कचऱ्याची गाडी येते ती वेळ (ओला-सुका आदल्या रात्रीच वेगळा करून दाराशी) आणि रात्री ओटा पुसून होतो ती वेळ. पाण्याची वेळ भागाप्रमाणे वेगळी असते, शेजारी विचारून घ्या. रविवारी मटण असतंच. कच्चं मटण फ्रिजमध्ये ठेवायचं झालं तर झाकणाच्या भांड्यात आणि सर्वांत खालच्या खणात, म्हणजे त्याचं पाणी दह्या-भाजीवर ठिबकत नाही. वाटणाचं खोबरं-कांदा शनिवारी रात्री भाजून ठेवला तर तांबडा-पांढरा दोन्ही रस्से अकरापर्यंत होतात आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही सगळ्यांबरोबर गरम जेवता येतं.

असे दोन-तीन महिने गेले की मग डबे आणा. टेप घेऊन फळीची उंची आणि खोली मोजा, नोंदीतून प्रत्येक जिन्नस महिन्याला किती लागतो ते कागदावर घ्या आणि महाद्वार रोडकडच्या भांड्यांच्या दुकानांत जा. चौकोनी घ्या, गोलापेक्षा जागा कमी खातात. तोंड एवढं रुंद असावं की हात आत जाऊन तळ पुसता येईल. झाकण ओल्या हातानं उघडतं का, ते दुकानातच बघा. तूरडाळीचा डबा अडीच किलोचा लागत असेल तर तीन किलोचा घ्या, पाच किलोचा नको.